बेबीमेटलचे पाहुणे आणि हळदीचा बँजो

जपानच्या बेबीमेटल या बँडचा ‘मेटल फोर्थ’ हा अल्बम ऑगस्ट २०२५मध्ये आला आणि चाहत्यांत दोन तट पडले. नाराजांचा आक्षेप असा, की दहापैकी सात गाण्यांत पाहुणे कलाकार आहेत, मग बँडचा स्वतःचा आवाज उरला कुठे? आक्षेप पोकळ नाही. काही गाणी पाहुण्यांच्याच वळणाने जातात. पण त्यातलं ‘कॉन! कॉन!’ ऐका. दिल्लीच्या ब्लडीवूडचा देशी ठेका आणि बेबीमेटलच्या गायिकांचा जपानी स्वर एकमेकांना गिळत नाहीत. मुळात पॉप गायन आणि मेटलची सरमिसळ हाच २०१०पासून या बँडचा पाया आहे.

सरमिसळीने अस्सलपणा जातो, असं म्हणणाऱ्यांनी पालघर-बोईसरकडच्या हळदीतली बँजो पार्टी आठवावी. तिथला कळांचा बँजो म्हणजे आपलं बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ १९१२मध्ये नागोयाच्या गोरो मोरितांनी घडवलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. आज त्यावर कोळीगीतं वाजतात तेव्हा कुणाला जपान आठवत नाही. यावर कुणी म्हणेल, बँजो मुरायला कित्येक वर्षं लागली. इथे तर एकाच अल्बमात सात पाहुणे! बरोबर आहे. म्हणूनच पाहुणे मोजू नयेत, चाल कुणाच्या हातात आहे ते पाहावं. पाहुण्यांविना असलेली तीन गाणी शेजारी ठेवून ऐका. यजमान ओळखू येतो, तोवर घर त्याचंच.