‘कमांडो’ या शब्दाची अर्थव्याप्ती

उपनगरांतील आमचे विद्यार्थी ‘कमांडो’ म्हणताच काळा गणवेश डोळ्यांपुढे आणतात. तो राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा होय. ओलिसांची सुटका हे या दलाचे एक प्रमुख कार्य. त्याची प्रत्यक्ष हल्ला चढविणारी पथके लष्करातून निवडली जातात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा ती हरियाणातील मानेसरहून आली. पोहोचेपर्यंत सकाळ झाली. याच विलंबामुळे २००९ मध्ये दलाचे मुंबई केंद्र निघाले आणि त्याच वर्षी राज्य पोलिसांचे ‘फोर्स वन’ उभे राहिले.

आता शब्दाकडे वळू. पोर्तुगीजांपासून तो दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांकडे गेला. तेथे त्याचा अर्थ गावोगावच्या शेतकऱ्यांची घोडेस्वार तुकडी असा होता. मुलखाची माहिती हेच तिचे बळ. १९४० मध्ये ब्रिटनने शत्रूच्या किनाऱ्यावर छापे घालणाऱ्या सैनिकांस हे नाव दिले, आणि शब्दाचे भूमीशी असलेले नाते तुटले. आपण उचलला तो हा दुसरा अर्थ.

पहिल्या अर्थाच्या अधिक जवळ जाते ते गडचिरोली पोलिसांचे, १९९० मध्ये स्थापन झालेले ‘सी-६०’ पथक. त्यात जिल्ह्यातीलच तरुण घेतले गेले. मराठीशी कुळाचे नाते नसलेली द्राविडी गोंडी त्यांच्यापैकी अनेकांच्या घरची बोली; गावातील कुजबूज त्यांना दुभाष्याविना कळते. (हे शस्त्र कोणत्याही शस्त्रागारात मिळत नाही, असे भाषाभ्यासकाने म्हटल्यास तो पक्षपात मानू नये.) मात्र मानेसरचा जवान कामगिरी संपताच परत जातो, यांचे आईबाप त्याच रानात राहतात.