चाळीचा पत्रा किती फुटी?

मागच्या भागात त्रिकोणाचे कोन झाले, आज बाजू. त्यासाठी जाऊ नामपूरला. बागलाणातलं, मोसम नदीकाठचं हे कांद्याच्या बाजारपेठेचं गाव. उन्हाळ कांदा निघाला की चाळीत भरायचा आणि भावाची वाट पाहायची, हा या पट्ट्यातला रिवाज.

समजा, दुपाखी छपराची चाळ २४ फूट रुंद आहे आणि मधलं आढं कडेच्या खांबांच्या माथ्यापासून ५ फूट वर. एका पाख्याचा पत्रा किती लांब? टेप लावायचा तर छप्पर अजून चढलेलंच नाही! आढ्यावरून ओळंबा सोडा. तो रुंदीच्या बरोबर मध्ये पडतो आणि काटकोन आयता मिळतो. पाया १२, उंची ५. (२४ निम्मे करायला विसरणं ही नेहमीची चूक.) १४४ आणि २५ मिळून १६९, त्याचं वर्गमूळ १३. पण वळचण फूटभर तरी बाहेर हवी, नाहीतर पावसाची झड थेट कांद्यावर. म्हणजे पुस्तकातलं उत्तर १३, दुकानात मागायचा १४ फुटी.

या तिरक्या बाजूला आपण कर्ण म्हणतो. भास्कराचार्यही कर्णच म्हणत. शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथला शिलालेख तसं सांगतो. ११५० मधल्या ‘लीलावती’त एक फर्मास उदाहरण आहे: ३२ हातांचा बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला; मोडला किती उंचीवर? इथे दोन बाजू अज्ञात, फक्त त्यांची बेरीज ३२ ठाऊक. त्यांच्या वर्गांतला फरक १६ चा वर्ग, म्हणजे २५६. वर्गांतला फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. म्हणून २५६ भागिले ३२, वजाबाकी ८. बेरीज ३२, वजाबाकी ८: तुकडे २० आणि १२. बांबू १२ हातांवर मोडला.

बांबू सरळ उभा होता म्हणून हे जमलं. शेतात काटकोन कोण देणार? दोन खुणांच्या मध्ये विहीर आली, तर बाजूला तिसरी खूण रोवा. तिथून एक खूण ८० फूट, दुसरी ५० फूट, मधला कोन ६० अंश. ६४०० अधिक २५०० म्हणजे ८९००. कोन काटकोनाहून लहान, म्हणजे टोकं जवळ आलेली. तेव्हा काहीतरी वजा होणारच. नियम असा: दोन बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले कोनाची कोज्या. ६० अंशांची कोज्या अर्धी, त्यामुळे दुप्पट उडते आणि नुसता गुणाकार, ४०००, वजा होतो. उरले ४९००, अंतर ७० फूट.

६० अंशांसाठी कोनमापक नको. दोरीचे तीन सारखे भाग करून गाठी मारा, टोकं जोडा आणि तिन्ही गाठींवर ताणा. कोन काटकोनाहून मोठा निघाला तर काय, ते पुढच्या आठवड्यात.