वाढत्या अंगाचा कॉश्च्युम नको

मराठी घरात मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेतात. गणवेश दोन बोटं मोठा घ्यायचा, बाह्या दुमडायच्या, पुढच्या वर्षी उलगडायच्या. माझ्या बहिणीनं हाच हिशेब लेकीच्या पहिल्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या कॉश्च्युमला लावला. बॅलन्स बीमवर कार्टव्हील घेऊन पोरगी उभी राहिली, तेव्हा डावा खांदा दंडावर घसरला होता. बीमची रुंदी अवघी दहा सेंटिमीटर. तिनं एका हातानं खांदा वर ओढला आणि तोल गेला. पडल्याचे गुण गेले ते गेलेच, वर घरी ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ हेही ऐकावं लागलं. लक्ष बिचारीचं जागेवर होतं, कापड नव्हतं.

नेहमीचे कपडे शिवताना शिंपी मापात थोडं लूजिंग सोडतो. लिओटार्डचं, म्हणजे जिम्नॅस्टच्या या अंगालगतच्या कॉश्च्युमचं, गणित उलटं असतं. तो अंगापेक्षा लहानच बेततात आणि अंगात घातल्यावर तो ताणून बसतो. कमानीत पोटाकडची कातडी लांबते, पाठीकडची आक्रसते. पुढं वाकलं की नेमकं उलट. आधीच ताणलेलं कापड या बदलामागोमाग लांबतं आणि आखडतं. सैल कापडाला आखडायला काही उरलेलंच नसतं, म्हणून त्याच्या चुण्या पडतात. शिवाय त्याला स्वतःचं जडत्व असतं. शरीर गिरकीत पुढं गेलं तरी सैल भाग क्षणभर मागंच रेंगाळतो.

या पोशाखाला नाव मिळालं ते ज्यूल लिओतार या फ्रेंच कसरतपटूवरून. 1859 मध्ये पॅरिसच्या सर्कशीत त्यानं एका झोपाळ्यावरून दुसऱ्यावर झेप घेण्याचा खेळ दाखवला, तो अंगाबरोबर विणलेल्या एकसंध कपड्यात. लोंबता कपडा झोपाळ्याच्या दोरीत अडकला असता, आणि शरीराचा डौलही झाकला गेला असता. पण विणीचा लवचिकपणा धुलाईगणिक ओसरतो. खरं ताणणारं आणि पुन्हा मूळ मापावर येणारं कापड मिळायला आणखी शतक जावं लागलं. 1958 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा धागा घडवला. आपल्या बाजारात त्याला सरसकट लायक्रा म्हणतात, जरी ते एका ब्रँडचं नाव आहे.

या धाग्याच्या रेणूत दोन प्रकारचे तुकडे आळीपाळीनं जोडलेले असतात. मऊ तुकडे लांब, शिजवलेल्या शेवयांसारखे गुंतलेले. कडक तुकडे एकमेकांना धरून गाठी बांधतात. धागा ताणला की शेवया सरळ होतात, गाठी मात्र त्यांना एकमेकींवरून घसरून जाऊ देत नाहीत. सोडलं की शेवया पुन्हा गुंततात, कारण सरळ राहण्याचा एकच मार्ग असतो आणि गुंतण्याचे असंख्य. असा धागा पाचपट ताणूनही परत येतो. उष्णता आणि ब्लीच या गाठींचे वैरी आहेत. कॉश्च्युम गार पाण्यात हातानं धुवून सावलीत वाळवा, असं जिम्नॅस्टिक्सचे सर सांगतात ते उगाच नाही.

दुकानात ‘टू-वे’ आणि ‘फोर-वे’ असे शब्द कानावर पडतात. फोर-वे म्हणजे उभंआडवं दोन्हीकडे ताणणारं. तेच घ्यावं. खरी फसगत मापात होते. वयावरून किंवा छातीवरून नंबर ठरवतात, पण ज्यावर सगळं अवलंबून असतं ते माप कुणी घेतच नाही. टेप एका खांद्यावरून पुढून खाली, जांघेतून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणायची. हा धडाचा पूर्ण फेरा. सारख्या छातीच्या दोन मुलींत तो बराच वेगळा निघू शकतो. फेरा आखूड पडला की खांदे काचतात आणि मागची कड वर सरकते. मग मुलगी फ्लोअरवर उडी मारायच्या आधी हातानं ती खाली ओढते.

घामाचाही विचार हवा. फिक्या रंगाचं कापड ओलं झालं की पारदर्शक दिसतं. कोरड्या कापडात धाग्यांमध्ये हवा असते आणि धागा-हवेच्या सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून आरपार दिसत नाही. हवेची जागा पाण्यानं घेतली की हे विखुरणं घटतं. ताणल्यानं वीणही उघडते. म्हणून अस्तर पाहावं, आणि तेही कापड ताणून, उजेडाकडे धरून.

मल्लखांबाच्या आखाड्यात वाढलेल्यांना यातली एक गोष्ट शिकवावी लागत नाही: कातडी धरते, कापड घसरतं. पुरलेल्या खांबावर मुलं लंगोट लावून चढतात, कारण मांडीची पकड उघड्या कातडीचीच असते. ती सोलवटू नये म्हणून खांबाला एरंडेल. कातडी किंचित ओलसर असली की मऊ पडते, जास्त पृष्ठभागाला भिडते आणि पकड वाढते. घामानं निथळली की तीच निसटते. जिम्नॅस्टिक्समध्ये तळहाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतात ती यासाठीच.

पुरुषांना पॉमेल हॉर्स, रिंग्ज, पॅरलल बार्स आणि हॉरिझाँटल बारवर लांब पँट लागते. फ्लोअर आणि व्हॉल्टला शॉर्ट्स चालतात. पँटला तळपायाखालून पट्टी असते, ती गुडघ्याशी चुणी पडू देत नाही. सरळ गुडघाही चुणीमुळे वाकलेला भासू शकतो, आणि वाकलेल्या गुडघ्याचे गुण कापतात. पँट आणि मोजे काळे किंवा अगदी गडद निळे, हिरवे, तपकिरी नसावेत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. गडद रंगात पायाची रेघ हरवते, हे त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं.

महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पोशाख नियमबाह्य असला तर 0.30 गुण वजा होतात. किरकोळ वाटतं? 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताच्या दीपा कर्माकरचं व्हॉल्टचं कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकलं होतं. संपूर्ण पाय झाकणारा युनिटार्ड मात्र नियमात बसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुली तो घालून उतरल्या, तेव्हा जगाला याचा पत्ता लागला. उघड्या मांड्यांवरच्या नजरांनी अवघडलेल्या मुलीला हाही पर्याय आहे, हे आपल्याकडच्या पालकांना सांगायला हवं.

आणि खडे? हजारो खड्यांनी चमकणारे लिओटार्ड टीव्हीवर पाहून वजनाची शंका येते. तीन मिलिमीटरच्या काचेच्या खड्यांचा ढोबळ हिशेब मी करून पाहिला. पाच हजार खडे मिळून फार तर शंभर ग्रॅमच्या आसपास भरतील, आणि त्यांतले बहुतेक धडावर, म्हणजे गिरकीच्या अक्षाजवळ. वेगाला त्यानं धक्का लागत नाही. काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला मात्र एकही नको. तिथं खडा प्रत्येक हालचालीला कातडी खरवडतो.

दुसरा कॉश्च्युम घ्यायला आम्ही भाचीला घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, ‘बाळ, घालून आरशात बघ.’ बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. बहिणीनं वाकून पाहिलं, तर पडद्याखाली पावलांच्या जागी दोन तळहात टेकलेले होते.