कुलूप मजबूत, पण चावीवाला कोण?

घर-दुकान बंद करताना आम्ही व्यापारी कुलूप दोनदा ओढून पाहतो. चावी कोणाकडून बनवली, याचा विचार करीत नाही. अलीगढी लिव्हरच्या कुलपात प्रत्येक लिव्हर ठरलेल्या उंचीवर उचलला गेला तरच कडी सुटते. लिव्हर जितके जास्त, तितकी चोरचावी अवघड. पण अस्सल चावीचा साबणावर ठसा उमटला की आठ लिव्हरही बेकार! म्हणून चावी समोर उभे राहून बनवून घ्यावी, पत्ता सांगू नये. चावी सांभाळणारा नोकर गेला की कुलूप बदलावे. बंद दार उघडायला बोलावलेला कारागीर मालकीची खातरी मागत असेल, तर रागावू नये, तोच भरवशाचा. न विचारता उघडणारा उद्या आमचे दारही दुसऱ्यासाठी उघडेल.