घरचा आहेर

‘घरचा आहेर’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत नेहमी भेटतो. इथे ब्रिटनमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना तो समजावून सांगायचा, तर जेफ्री हाव यांची गोष्ट सांगावी.

१९७८ मध्ये मजूर पक्षाचे अर्थमंत्री डेनिस हीली भर सभागृहात म्हणाले, हाव यांची टीका म्हणजे मेलेली मेंढी अंगावर धावून यावी तशी! हा शेरा हाव यांना जन्मभर चिकटला. पण तो पडला विरोधकाचा टोला. त्यातून वैर निर्माण झाले नाही.

जखम झाली ती स्वपक्षात. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या, तेव्हापासून हाव त्यांच्याबरोबर होते. आधी अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री. थॅचरबाई मात्र त्यांना इतर मंत्र्यांदेखत फटकारत. जुलै १९८९ मध्ये त्यांचे परराष्ट्र खाते काढून घेतले. बदल्यात उपपंतप्रधानपद दिले, आणि या पदाला फारसा अर्थ नाही असे बाईंच्याच कार्यालयातून पत्रकारांच्या कानावर घातले गेले.

युरोपबद्दलचे मतभेद खरे होते, पण त्यांत अपमानाची भर पडत गेली. १ नोव्हेंबर १९९० रोजी हाव यांनी राजीनामा दिला. १३ तारखेला ते सभागृहात बोलले, तेही अगदी शांतपणे. सलामीचे फलंदाज मैदानात उतरतात आणि पाहतात तर काय, कप्तानानेच सामन्याआधी बॅटी मोडून ठेवलेल्या! हा दाखला आपल्यासारख्या क्रिकेटवेड्यांना वेगळा समजावायला नको.

पोल टॅक्सवरून लोक आधीच चिडलेले होते. त्यात मायकेल हेसेल्टाईन यांनी नेतेपदासाठी आव्हान दिले. २० तारखेच्या मतदानात बाईंना २०४, हेसेल्टाईन यांना १५२ मते पडली. पहिल्याच फेरीत जिंकायला बाईंना ४ मते कमी पडली. २२ तारखेला त्यांनी पायउतार होत असल्याचे जाहीर केले.

मी भारतात शिक्षिका होते. चूक दाखवली म्हणून मुले रागावत नाहीत. ती वर्गासमोर दाखवली, तर मात्र विसरत नाहीत. मोठ्यांचेही तेच. पक्ष असो, नाहीतर आपले मंडळ, वाद जरूर घालावेत, मतेही मोजावीत. पण बरोबर राबणाऱ्याचा मान चारचौघांत राखावा. विरोधकाचे बोलणे माणूस हसण्यावारी नेतो. आपल्या माणसाचे मनात ठेवतो.