पोटाच्या तक्रारी आणि ॲक्युपंक्चर : समज किती, खरं किती

१९७१ च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स अचानक दुखायला लागलं आणि तिथल्याच रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली. २६ जुलैला त्यांचा अनुभव छापून आला आणि भूल न देता, नुसत्या सुया टोचून चिनी डॉक्टरांनी पोट उघडलं, असं जो तो सांगू लागला. आजही कित्येकांच्या मनात तीच गोष्ट पक्की आहे. रेस्टन यांनी लिहिलं होतं ते वेगळं. शस्त्रक्रिया नेहमीसारखं भुलीचं इंजेक्शन देऊन झाली होती. सुया टोचल्या त्या दुसऱ्या रात्री, पोटात वायू धरून ते अस्वस्थ झाले तेव्हा. एक सुई उजव्या कोपराजवळ, बाकीच्या गुडघ्यांच्या खाली आणि जोडीला पोटाजवळ धुमसत्या औषधी वनस्पतीची धग. तासाभरात पोटाचा ताण उतरला आणि तो त्रास पुन्हा झाला नाही.

म्हणजे अमेरिकेत ॲक्युपंक्चरचा एवढा बोलबाला झाला तो गॅसच्या तक्रारीपासून. पण ऑपरेशननंतर मंदावलेली आतडी दोन-तीन दिवसांत आपोआपही चालू लागतात. त्यामुळे एका माणसाला तासाभरात बरं वाटलं, एवढ्यावरून सुईला श्रेय देता येत नाही आणि नाकारताही येत नाही. पोटाच्या तक्रारींसाठी ॲक्युपंक्चर घेणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत हीच अडचण उभी राहते, आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) तर फारच.

आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, गाठ नसते. दुर्बिणीतून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. तरी पोटात मुरडा येतो, पोट फुगतं, कधी दिवसातून चार वेळा धावावं लागतं, तर कधी चार-चार दिवस पोट साफ होत नाही. २०१६ च्या 'रोम' या निदानाच्या निकषांनुसार तीन महिने, आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी हवी आणि तिचा शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या सवयीशी संबंध हवा. हे दुखणं भरती-ओहोटीसारखं येतं-जातं. माणूस उपचाराला जातो तो त्रास टिपेला पोचल्यावर, आणि त्यानंतर तो बऱ्याचदा आपसूकच उतरणार असतो. 'दहा बैठकांत आयबीएस मुळापासून जातो' या जाहिरातीला इथेच बळ मिळतं. आयबीएस मुळापासून घालवणारा उपचार आज कोणत्याही पद्धतीत नाही. त्रास कमी करता येतो, आणि तेही थोडं नाही.

मग सुईचा स्वतःचा परिणाम किती, हे कसं कळणार? त्यासाठी संशोधक खोटी सुई वापरतात. तिचं टोक बोथट असतं आणि दाबली की ती आपल्याच दांड्यात सरकते. त्वचेला टोचल्यासारखं जाणवतं, पण सुई आत जात नाही. अमेरिकेत २००९ साली २३० आयबीएस रुग्णांवरचा असा प्रयोग प्रसिद्ध झाला. खऱ्या सुयांनी ४१ टक्के रुग्णांना बरं वाटलं, खोट्या सुयांनी ३२ टक्क्यांना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या, मिळून १८०६ रुग्ण, एकत्र तपासले, आणि विश्वासार्ह खोट्या सुईपेक्षा खरी सुई सरस ठरली नाही. काही चिनी चाचण्यांत ॲक्युपंक्चर पोटाच्या गोळ्यांपेक्षा चांगलं ठरलं होतं, पण तिथे आपल्याला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक होतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही आयबीएससाठी ॲक्युपंक्चरला प्रोत्साहन देऊ नये असं सांगितलं आहे.

एवढं वाचून 'म्हणजे सगळे मनाचे खेळ' असं कोणी म्हटलं, तर तो दुसरा आणि जास्त दुखावणारा गैरसमज. बोस्टनमध्ये संशोधक टेड कॅप्चुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६२ आयबीएस रुग्णांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन गट केले. एका गटाला फक्त प्रतीक्षायादीत ठेवलं. दुसऱ्याला खोट्या सुया लावल्या, पण बोलणं जेमतेम कामापुरतं ठेवलं. तिसऱ्यालाही खोट्याच सुया होत्या, फक्त पहिल्या भेटीत उपचारक पाऊण तास बसला, दुखणं कसं सुरू झालं, घरच्यांना काय वाटतं, कामावर काय अडचण होते, हे विचारलं आणि मन लावून ऐकलं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२ टक्के होते. एकाही गटात खरी सुई टोचलेली नव्हती.

मला हा प्रयोग या विषयातला सगळ्यात मोलाचा वाटतो. आतडं आणि मेंदू यांच्यात नसांमार्फत निरोपांची सतत ये-जा चालू असते, आणि आयबीएसमध्ये नेमकी तीच बिघडलेली असते; आतड्यातला साधा वायूसुद्धा मेंदूला दुखणं म्हणून पोचतो. शांत खोली, कोणीतरी आपलं ऐकतंय ही खात्री, आता बरं वाटेल ही अपेक्षा, या सगळ्यांचा परिणाम याच वाटेने पोटावर होतो. ॲक्युपंक्चर घेऊन बरं वाटलेला माणूस खोटं बोलत नसतो, भोळाही नसतो. त्याचं पोट खरंच कमी दुखतं. फक्त त्याचं बरंचसं श्रेय सुईच्या टोकाला नसून त्या भेटीला असतं. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका' एवढं ऐकून दोन मिनिटांत बाहेर पडलेल्या रुग्णाचं आपल्याकडे काय होतं, याचंही उत्तर या आकड्यांत आहे.

इंग्लंडमध्ये यॉर्क इथे २३३ रुग्णांवर झालेल्या चाचणीकडेही याच नजरेने पाहावं लागतं. तिथे नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरच्या बैठकांची जोड दिली, तेव्हा तीन महिन्यांनी त्रास कमी झाला आणि फरक वर्षभर टिकला. पण खोट्या सुईचा गट तिथे नव्हता.

'नेमका बिंदू सापडला की काम झालं' हाही समज पुष्कळांचा असतो. २०२२ मध्ये चीनमध्ये जुलाबाच्या आयबीएसच्या ९० रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. पोटासाठी सांगितलेले बिंदू आणि भलत्याच तक्रारींसाठीचे बिंदू, दोन्हींनी सारख्याच, म्हणजे ४६.७ टक्के रुग्णांना गुण आला. त्याच वेळी जागेला अजिबात अर्थ नाही असंही म्हणता येत नाही. २०२१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात उंदरांच्या मागच्या पायावरच्या बिंदूला विजेचा सौम्य झटका दिल्यावर मेंदूकडून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत शरीरातला दाह कमी झाला. पोटावर तसाच झटका देऊन तो कमी झाला नाही. मात्र उंदरातला दाह आणि माणसाचा आयबीएस यांत बरंच अंतर आहे.

पोटाच्या सगळ्या तक्रारी एका मापाने मोजणं चुकीचं आहे, कारण आयबीएसच्या बाहेर पुरावा वेगळं सांगतो. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ-उलटीवर मनगटाच्या आतल्या बाजूचा, तळहातापासून तीन बोटं वरचा बिंदू उपयोगी पडतो, हे कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्यांतून दिसलं. जुनाट, तीव्र बद्धकोष्ठतेच्या १०७५ रुग्णांवर चीनमध्ये मोठी चाचणी झाली. आठ आठवड्यांत २८ वेळा विजेच्या जोडीने सुया लावल्यावर ३१ टक्के रुग्णांना आठवड्यातून तीनदा तरी पोट पूर्ण साफ होऊ लागलं. खोट्या उपचाराने ते १२ टक्क्यांनाच जमलं. थोडं खाल्लं तरी पोट गच्च होणाऱ्या अपचनातही बीजिंगच्या २०२० च्या चाचणीत खऱ्या सुया वरचढ ठरल्या.

आता धोक्याचं. सुई केसाएवढी बारीक असते आणि शिकलेल्या हातात ती बहुतांशी सुरक्षित आहे. जर्मनीत २ लाख २९ हजार रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा ८.६ टक्क्यांना काहीतरी त्रास झाला, मुख्यतः थोडं रक्त येणं, काळं-निळं पडणं, दुखणं. दोघांच्या मात्र फुफ्फुसाला सुई लागून छातीत हवा शिरली. तेव्हा 'अजिबात धोका नाही' हे खरं नाही. सुया पाकीटबंद, एकदाच वापरायच्या असाव्यात आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. नाहीतर हिपॅटायटिस बी सारखा संसर्ग होऊ शकतो.

त्याहून मोठा धोका निदान लांबण्याचा. शौचातून रक्त जाणं, वजन घटणं, हिमोग्लोबिन कमी होणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यातलं काहीही असेल तर आधी पोटविकारतज्ज्ञ गाठा. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही अशीच लक्षणं घेऊन येतो, आणि त्याला औषधच लागतं.

ॲक्युपंक्चर आपल्याकडे बेकायदा आहे हा समजही जुना झाला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजय बसू पुढे ही विद्या शिकून आले आणि कोलकात्यात तिचा पाया घातला. केंद्र सरकारने २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा आहे. तेव्हा उपचारकाची नोंदणी विचारायला संकोच करू नका.

आयबीएसचं निदान पक्कं झालं असेल, तर आधी इसबगोल (कोंड्यापेक्षा ते सरस ठरलं आहे), काही आठवडे कांदा-लसूण, गहू, दूध, कडधान्यं जाणत्या आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कमी करून एकेक परत आणणं, आणि डॉक्टरांनी सुचवल्यास आतड्याच्या नसा शांत करणारी अल्प मात्रेतली औषधं, यांना संधी द्या. त्यावर जोड म्हणून ॲक्युपंक्चर घ्यायचं तर जरूर घ्या. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, त्रासाची रोजची नोंद ठेवा, आणि दहा-बारा बैठकांनंतर त्या वहीत फरक दिसत नसेल तर पुढच्या बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका.