घोडदाताची भाजी

२००७ साली ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला राहत होतो. जूनमध्ये तिकडचा 'मेयू', म्हणजे प्लमची फळं पिकतात त्या दिवसांतला चिकट पाऊस सुरू झाला आणि चार वर्षांच्या लेकाच्या कोपरात, गुडघ्यामागे इसब उठलं. खाजवून खाजवून लस वाहायची. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, पण त्यात स्टेरॉइड आहे हे कळल्यापासून मी ते घाबरत घाबरत, जेमतेम लावायची. रात्री पोराला झोप नाही, मलाही नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना आम्ही 'आयी' म्हणायचो. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी! एका सकाळी त्यांनी एक जुडी हातात ठेवली. लालसर देठ, गुबगुबीत पानं. नाव 'माछ-श्येन'. पानं घोड्याच्या दातांसारखी, म्हणून हे नाव. मी बघतच राहिले. अहो, ही तर आपली घोळ! सासूबाई मुगाची डाळ घालून करतात तीच!

हिरवं पान, लाल देठ, पिवळं फूल, पांढरं मूळ, काळं बी. पाच रंग म्हणून चिनी लोक हिला पंचतत्त्वांची वनस्पती मानतात. इसबाला त्यांच्या भाषेत शब्दच 'दमट पुरळ' असा आहे, आणि घोळ अंगातली उष्णता नि दमटपणा काढते, असं त्यांचं वैद्यक सांगतं. आयींनी मूठभर घोळ धुऊन उकळली, पाणी गाळून पार गार केलं. त्यात स्वच्छ फडकं भिजवून पंधरा-वीस मिनिटं पुरळावर ठेवलं. पोर शांत झालं.

पुढच्या आठवड्यात मी शहाणपणा केला. बागेच्या कडेची तशीच दिसणारी वनस्पती उपटून आणली. देठ मोडताच पांढरा चीक आला आणि माझी बोटं चुरचुरायला लागली. लेकाला लावलं असतं तर? आयी कडाडल्या, "चीक आला की टाकून द्यायचं! घोळीला चीक नसतो!"

मग त्यांनीच मला चिनी वैद्यकाच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे ओढत नेलं. मला वाटलं, हे मलम बंद करतील. उलट त्यांनी विचारलं, "मलम नीट लावता ना?" माझी मान खाली. ते म्हणाले, लस वाहते तोवर पट्टी ठेवा, त्वचा कोरडी पडली की थांबवा. मलम मात्र सांगितलं तेवढं, तितके दिवस लावायचंच.

तीन आठवड्यांत लेकाची त्वचा निवळली. गुण भाजीचा की मलमाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण औषध चोरून कमी करणं हा माझाच दोष होता, हे मात्र नक्की.

आता लेक माझ्यापेक्षा उंच झालाय. पावसाळ्यात मंडईत घोळ दिसली की मी दोन जुड्या घेतेच. मैत्रिणींनो, तुम्हीही घ्या. फक्त हिच्यात ऑक्झलेट भरपूर असतं, तेव्हा मूतखडा असेल तर बेतानं. गरोदर बाईला चिनी वैद्यही ही देत नाहीत. आणि हो, देठ आधी मोडून बघायचा!